ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन: फरक कप्प्याच्या तळाशी

दोन्ही एन्झाइम स्वादुपिंडातून येतात, दोन्ही लहान आतड्यात प्रथिनं कापतात. कापणारी यंत्रणाही तीच: हिस्टिडीन ५७, अ‍ॅस्पार्टेट १०२ आणि सेरीन १९५ या अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांचं, त्रिकूट (आकडा म्हणजे साखळीतली जागा). मग ट्रिप्सिन लायसीन किंवा आर्जिनीननंतरच का तोडतं आणि कायमोट्रिप्सिन फेनिलअ‍ॅलानीन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन का शोधतं?

उत्तर शेजारच्या एस-१ नावाच्या खोलगट कप्प्यात आहे. ट्रिप्सिनमध्ये त्याच्या तळाशी, १८९ व्या जागी, ऋणभारित अ‍ॅस्पार्टेट बसलंय. लायसीनची लांब, धनभारित शेपटी आत शिरली की तिथे धरली जाते. कायमोट्रिप्सिनमध्ये त्याच जागी भाररहित सेरीन आहे. कप्पा जलविरोधी, त्यामुळे टायरोसीनचं सपाट कडं पाकिटात कार्ड सरकावं तसं आत जातं.

पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात, पण खरी गंमत पुढे आहे. ट्रिप्सिनमधलं १८९ चं अ‍ॅस्पार्टेट काढून सेरीन घातलं, तर कायमोट्रिप्सिन मिळत नाही. हाती येतं एक मरगळलेलं एन्झाइम. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कप्प्यासोबत पृष्ठभागावरची दोन वळणंही बदलली, तेव्हा कुठे कायमोट्रिप्सिनसारखी क्रिया दिसली. ही वळणं सब्स्ट्रेटला, म्हणजे कापल्या जाणाऱ्या प्रथिनाला, थेट शिवतही नाहीत!

मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (प्रथिनाचे तुकडे वस्तुमानावरून ओळखण्याच्या तंत्रासाठी) निवड करायची तर माझं मत ट्रिप्सिनला: काप नेमका, आणि तुकड्याच्या टोकाला आयता धनभार. कायमोट्रिप्सिन ल्युसीननंतरही तोडतं, म्हणून जरा बेभरवशाचं. मात्र प्रथिनाचा जो भाग पेशीपटलात रुतलेला असतो, तिथे लायसीन-आर्जिनीन विरळ. तिथे कायमोट्रिप्सिनच कामी येतं.