क्रोबो काचमणी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घानातील कोफोरिदुआ येथे दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो. तिथून घेतलेला, घानातील क्रोबो समाजाच्या मण्यांचा सर गेले नऊ महिने, आठवड्यातून चार-पाच दिवस तरी, माझ्या गळ्यात असतो.

हे मणी टाकाऊ बाटल्यांच्या काचेचे असतात. काच कुटून, चाळून तिची पूड पांढऱ्या मातीचा लेप दिलेल्या साच्यांत भरतात आणि प्रत्येक मण्याच्या मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तेच हे झाड. वारुळाच्या मातीच्या भट्टीत देठ जळून जातो आणि त्याच्या जागी मण्याचा वेज उरतो. नंतर मणी वाळू-पाण्याने दगडावर घासले जातात. म्हणूनच माझ्या सरातील दोन मणी शेजारी धरले, तर एक किंचित फुगीर, दुसऱ्याचा वेज जरा तिरका दिसतो, आणि मला तेच प्रिय आहे.

रंगांबाबत माझे पूर्ण समाधान आहे. घाम आणि रोजचे अत्तर सोसूनही पिवळ्या मण्यांवरील निळ्या रेघा जराही पुसट झालेल्या नाहीत, कारण ती नक्षी काचेच्याच पुडीने काढून मणी पुन्हा भाजलेला असतो.

तक्रार आहे ती दोऱ्याची. चौथ्या महिन्यात वेजाच्या खरखरीत कडेने साधा सुती दोरा कातरला गेला, मणी फरशीवर विखुरले आणि एकाचा टवका उडाला. पुण्यात आल्यावर पटवेकऱ्याकडून सर जाड रेशमी दोऱ्यात, प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून, पुन्हा गाठवून घेतला. तेव्हापासून तो तुटलेला नाही. सुरुवातीचे काही दिवस वेजातून पांढरी माती झडून गडद कपड्यांवर उतरत असे. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून बारीक ब्रश फिरवल्यावर तेही थांबले.

वजन मात्र जाणवते. लांब सराने संध्याकाळपर्यंत मान अवघडते, म्हणून मी अकरा मणी काढून त्यांचे कंकण करून घेतले. क्रोबो घरांत जुने मणी पिढ्यानपिढ्या जपले जातात आणि मुली वयात येतानाच्या दिपो विधीत अंगावर घातले जातात. काच तेवढी टिकणारी आहेच. दोरा मात्र घेतल्याबरोबर बदलून घ्यावा आणि प्रत्येक वेजातून सुई फिरवून पाहावी.