वाक्यपूर्तीचं सराव पुस्तक : आठ महिने वापरून झाल्यावर

पुस्तक घेतलं तेव्हा वावरात सरकी लावायची गडबड होती आणि आज हे लिहायला बसले तर तुरीचं कुटारही घरी येऊन पडलं आहे. अमरावतीच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानातून 240 रुपयांत घेतलं होतं. दोन हजारांच्या वर वाक्यं, प्रत्येकात एक गाळलेली जागा, खाली चार पर्याय, शेवटी उत्तरं. प्रकाशकाचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोड्या शिव्याही घालायच्या आहेत.

मी मोर्शी तालुक्यातली. तलाठी भरतीची तयारी करते. (कागदोपत्री पदाचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण सातबाऱ्यासाठी गाव अजून तलाठ्यालाच शोधतं.) पेपर 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा. त्यात 25 प्रश्न मराठीचे, 25 इंग्रजीचे, आणि दोन्हीकडे योग्य शब्द भरायचे प्रश्न हमखास. पहिल्या सराव पेपरात मला मराठीत 25 पैकी 14 बरोबर आले. घरात सांगायचीच लाज वाटली. इंग्रजीत 9 आले असते तर कोणी काही म्हटलं नसतं, आणि इंग्रजीत 9च आले होते.

पहिले दोन महिने पुस्तक चुकीच्या पद्धतीनं वापरलं. मागे समूहदर्शक शब्दांची यादी आहे, तीच घोकत बसले. किल्ल्यांचा जुडगा, मडक्यांची उतरंड, भाकरींची चवड, पोत्यांची थप्पी, गवताची गंजी. भाकरी थापताना तोंडानं हेच चालू. मग हे वाक्य आलं :

'संध्याकाळी गोठ्यात जाऊन तिने बैलांपुढे गवताची एक ____ सोडली.' पर्याय : गंजी, भारा, पेंढी, रास.

मी डोळे मिटून गंजी लिहिलं. उत्तर होतं पेंढी. मला वाटलं छपाईची चूक. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर दोरी वळत बसले होते, त्यांना विचारलं, "मामाजी, गवताची काय असते?" त्यांनी उलट मलाच विचारलं, "कुठं हाय गवत? वावरात हाय का बैलाच्या मोरं?" मी पूर्ण वाक्य वाचून दाखवलं. "मंग पेंडीच," म्हणाले, "आखी गंजी कोन सोडते व बाई?"

सातवी शिकलेला माणूस. मी नंतर ते वाक्य नीट पाहिलं. 'गवताची' म्हटल्यावर भारा आपोआप बाद, तो पुल्लिंगी, त्याला 'गवताचा' लागलं असतं. 'सोडली' म्हटल्यावर गंजी बाद आणि रासही बाद, कारण सोडायची म्हणजे आधी बांधलेली पाहिजे. चारांपैकी तीन पर्याय आजूबाजूच्या शब्दांनीच हाकलून लावले होते. मी मात्र वाक्य न वाचता यादी आठवत होते. तेव्हापासून एक सवय लावून घेतली : पर्यायांवर हात ठेवायचा, वाक्य वाचायचं, मनानं एक शब्द घालून पाहायचा आणि मगच हात काढायचा. वेळ थोडा जास्त जातो, पण फसगत कमी होते.

कुठल्या शब्दासोबत कुठला शब्द बसतो हे आपल्याला न शिकता येतच असतं. कापूस वेचतात, संत्रा तोडतात, हरभरा उपटतात, सोयाबीन सोंगतात, भाजी खुडतात. सगळीकडे काम एकच, पीक काढायचं. पण 'संत्रा उपटला' म्हणालं तर लेकरूही हसेल. मला अडत होतं ते ऑफिसच्या शब्दांत. गुन्हा 'नोंदवतात' की 'दाखल करतात'? सरपंचाची 'निवड' आणि शिपायाची 'नेमणूक', असं का? पुस्तकात या प्रकारची तीनशेएक वाक्यं आहेत आणि तो भाग खरंच चांगला आहे. त्यासोबत मी ग्रामपंचायतीचा नोटीस बोर्ड वाचायला लागले. फेरफाराची नोटीस लागली की थांबून पूर्ण वाचायची : 15 दिवसांत हरकत नोंदवा. हरकत सांगत नाहीत, करत नाहीत. घेतात किंवा नोंदवतात. लोकांना वाटलं हिचं काही जमिनीचं प्रकरण चालू आहे.

दोन वाक्यं जोडणाऱ्या शब्दांचे प्रश्नही कामाचे. 'औषध दोनदा फवारलं, ____ बोंडअळी आटोक्यात आली नाही.' इथं 'म्हणून' टाकलं तर वाक्य कोसळतं, 'तरी'च पाहिजे. अशा प्रश्नात आधी 'नाही' कुठं आहे ते बघते.

ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्यांचं प्रकरण छोटं आहे, पण सगळ्यात जास्त हसले ते तिथंच. 'पिक' म्हणजे कोकीळ आणि 'पीक' म्हणजे शेतातलं. आमच्याकडच्या निम्म्या बोर्डांवर 'पिक विमा' लिहिलेलं असतं. म्हणजे दरवर्षी आम्ही कोकिळेचा विमा उतरवतो. चूक होते कशी, तेही कळलं : पिकाला, पिकाचा, पिकांवर, या सगळ्या रूपांत 'पि' ऱ्हस्वच होतो, मग हात मूळ शब्दातही तोच वळण घेतो. पण हे कारण पुस्तकात नाही, ते मला अभ्यासिकेतल्या एका दादांनी सांगितलं.

आणि तीच या पुस्तकाची मोठी खोट आहे. उत्तरं आहेत, कारणं नाहीत. शेवटच्या पानांवर नुसतं '412 – क'. का क, ब का नाही, यावर एक ओळ नाही. घरी मामाजी, अभ्यासिकेत दादा आहेत म्हणून माझं निभावलं. एकट्यानं बसणाऱ्याला हे पुस्तक यादीसारखंच पाठ होईल.

दुसरं, दोन पर्याय बरोबर असलेले प्रश्न. 'ग्रामसभेत ठराव एकमताने ____ झाला' याखाली संमत आणि मंजूर दोन्ही दिलेत. उत्तर फक्त संमत. केळीचा घड आणि केळीचं लोंगर दोन्ही चालतात, पण वाक्यात लिंग कळेल असा एकही शब्द न ठेवता दोन्ही पर्याय दिले तर आम्ही काय नाणं उडवायचं?

तिसरं मनाला लागलेलं. 'सोयाबीनची ____ सुरू झाली' याखाली कापणी आणि सोंगणी दोन्ही आहेत, आणि सोंगणी चूक धरलीय. अहो, सोंगणी पेपरात छापून येते! मराठी भाषा विद्यापीठ आमच्याच तालुक्यात, रिद्धपूरला झालंय, आणि आमचा शब्द मात्र चुकीच्या पर्यायात. परीक्षेत प्रमाण भाषा लागते हे मान्य, मी 'काहून' लिहा म्हणत नाही. पण प्रमाण मराठीत चालणारा शब्द तो विदर्भात जास्त बोलतात म्हणून बाद करू नका.

इंग्रजीच्या भागावर फार लिहीत नाही, कारण त्यातून फार मिळालं नाही. एकच गोष्ट ध्यानात राहिली. आपण चूक 'करतो' आणि गृहपाठही 'करतो'. इंग्रजीत चुकीला 'मेक' लागतं आणि होमवर्कला 'डू'. मराठी अर्थ लावून तिथं उत्तर सापडत नाही, जोडी म्हणूनच डोक्यात बसवावी लागते. पुस्तकात मात्र प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी अर्थ दिलाय, म्हणजे नेमका तोच रस्ता जो चुकवतो. इंग्रजीसाठी दुसरं काही बघा.

आकडे सांगायचे तर मराठीत आता 21-22 च्या आसपास असते, इंग्रजीत 11. कागद बरा आहे, बांधणी नाही. ऑक्टोबरमध्येच पानं सुटली, मी सुई-दोऱ्यानं शिवून घेतलं. घ्यायचंच असेल तर जुनं घ्या, निम्म्या किमतीत मिळेल, फक्त आधीच्यानं पेनानं खुणा केलेल्या नाहीत एवढं बघा. मी पेन्सिलनंच सोडवलं. पुस्तकातल्या चुकीच्या उत्तरांची यादी शेवटच्या कोऱ्या पानावर केली आहे, आतापर्यंत 31. त्यातला सोंगणीचा प्रश्न तेवढा मामाजींनी माझ्या हातून घेऊन पेनानं दुरुस्त केला, आणि खाली सही केली.