नौपाड्यातला ग्रीकचा शनिवार क्लास : एका 'अनोमिया'साठी पैसे वसूल

आधीच सांगते, हा रिव्ह्यू सहा शनिवारच्या क्लासचा असला तरी मी बोलणार आहे मुख्यतः चौथ्या शनिवारबद्दल, कारण बाकीचे पाच ठीकठाक होते. बायबलमधले ग्रीक शब्द, फी 1800 रुपये, नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने येते, ठाण्याला 10 नंबरला उतरून चालत पंधरा मिनिटं, टू व्हीलर आणायचा विचारच करू नका, पार्किंग शून्य.

पहिले तीन शनिवार अक्षरओळख आणि उच्चार. सर रिटायर्ड माणूस, आवाज बारीक, पंख्याच्या आवाजात मागच्या बाकावर अर्धं ऐकू येत नाही, त्यात झेरॉक्सच्या नोट्समध्ये निम्म्या ग्रीक अक्षरांच्या जागी चौकोन छापलेले! तिसऱ्या आठवड्याला मी जवळजवळ सोडणारच होते.

मग चौथ्या दिवशी सरांनी फळ्यावर देवनागरीत लिहिलं, 'हे हामार्तिया एस्तिन हे अनोमिया'. बायबलातलं योहानाचं पहिलं पत्र, 3:4, म्हणजे अध्याय 3, वचन 4. हामार्तिया म्हणजे पाप, एस्तिन म्हणजे आहे, आणि अनोमिया म्हणजे ढोबळमानाने नियम झुगारणं. सगळे हसले, कारण ते 'हे' आपलं मराठीच वाटतं, पण ते ग्रीकमधलं स्त्रीलिंगी आर्टिकल आहे, इंग्रजीतल्या 'द'सारखं, आणि पाप आणि अनोमिया दोन्हीच्या आधी ते लागलंय, म्हणजे हा जवळजवळ बरोबरचा साइन आहे, पाप म्हणजे अनोमिया. आमच्या घरच्या मराठी बायबलात इथे 'स्वैराचार' आहे. आणि आजीच्या तोंडी स्वैराचार म्हणजे मुलीने रात्री नऊनंतर घरी येणं, त्यामुळे लहानपणापासून मला हे वचन म्हणजे माझ्यावरच लिहिलेलं वाटायचं.

सरांनी त्याच बायबलातून मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे मत्तयाच्या नावाच्या येशूचरित्रातल्या, दोन जागा काढायला लावल्या. 7:23 ला 'अनाचार', 24:12 ला 'अनीती', आणि ग्रीकमध्ये शब्द तोच, अनोमिया! एका शब्दाला तीन मराठी कपडे. चार शुभवर्तमानांपैकी हा शब्द फक्त मत्तयात येतो, चार वेळा. आणि 7:23 ला 'माझ्यापासून निघून जा' कोणाला सांगितलंय बघा. गुंडांना नाही, तर ज्यांनी प्रभूच्या नावाने भविष्य सांगितलं, भुतं काढली, चमत्कार केले त्यांना. 23:28 ला तर हा शब्द बाहेरून धार्मिक दिसणाऱ्या शास्त्री-परूश्यांच्या, म्हणजे त्या काळच्या ज्यू धर्मपंडित आणि कर्मठांच्या, आतल्या घाणीला लावलाय. आजीची व्याख्या तिथेच कोसळली.

मग वाद झाला. एका काकांनी हात वर केला की सर, 'अ' म्हणजे नाही, 'नोमोस' म्हणजे नियमशास्त्र, मग अनोमिया करणारे म्हणजे मोशेचं, म्हणजे ज्यूंचं, नियमशास्त्र, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) वगैरे न पाळणारे, सरळ आहे. काका यूट्यूबवरून बरंच शिकून आले होते हे दिसत होतं. सर म्हणाले, काका, गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा, पण खिडकीत तुम्ही गाय शोधता का? शब्द फोडून अर्थ मिळतोच असं नाही, लोक तो वापरतात कसा ते बघायचं. ज्यू लोकांच्या शास्त्राचं जे जुनं ग्रीक भाषांतर आहे, सेप्टुआजिंट, त्यात स्तोत्र 32 च्या सुरुवातीला बंडासाठी असलेल्या हिब्रू शब्दाला अनोमिया ठेवलाय आणि स्तोत्र 51 मध्ये 'माझा दोष धुऊन टाक' म्हणताना दोषालाही तोच. येशूचा प्रेषित पौल, त्याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, 4:7 मध्ये, ते 32 वं स्तोत्रच घेतलंय आणि तिथे अनोमिया आणि पाप शेजारी शेजारी, एकाच श्वासात. म्हणजे त्या काळच्या वाचकाला हा शब्द वकिली वाटत नसणार, देवाचं न ऐकणं एवढा मोठा अर्थ त्यात मावत होता. काका गप्प बसले नाहीत अर्थात, पण चहापर्यंत मामला थंड झाला.

मला सगळ्यात आवडलं ते 'अनोमोस' हे विशेषण. करिंथकरांस पहिलं पत्र 9:21 मध्ये पौल म्हणतो की ज्यांना नियमशास्त्र नाही त्यांच्यासाठी मी तसा झालो, तिथे हा शब्द शिवी नाहीच, फक्त ज्यांच्याकडे ते नाही असे लोक. सरांनी उदाहरण दिलं, पहिल्यांदाच शहरात आलेला माणूस तीन हात नाक्याचा सिग्नल न कळून घुसला तो एक, आणि कॅमेरा कुठे आहे हे पाठ असलेला ठाणेकर जो रॉन्ग साइडने येतो तो दुसरा, शब्द दोघांना लागेल, पण अनोमिया म्हणून योहान बोलतोय ते या दुसऱ्याबद्दल. माझा भाऊ रोज रॉन्ग साइड मारतो, त्याला घरी गेल्या गेल्या ऐकवलं.

शेवटी थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र 2:3, तो 'अनोमियाचा माणूस', म्हणजे शेवटच्या काळी प्रकट होईल असं तिथे म्हटलेला देवाचा विरोधक. काही जुन्या हस्तलिखितांत अनोमिया, काहींत हामार्तिया, म्हणून 1611 च्या इंग्रजी बायबलात 'मॅन ऑफ सिन' आणि नवीन इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी 'लॉलेसनेस'. दोघातिघांनी व्हॉट्सअॅपवर आलेली नावं विचारून पाहिली, हा तो का, तो तो का. सरांनी सरळ फळा पुसला आणि म्हणाले वेळ संपली. मला तरी पटलं.

जाताना पंडिता रमाबाईंबद्दल पाच मिनिटं बोलले, केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं बाईंनी, आणि आपण चौकोन छापलेल्या नोट्सवर कुरकुरतोय. (चौकोनांची तक्रार मी तरीही मागे घेत नाहीये, 1800 घेता तर फॉन्ट नीट टाका.)

पाचवा-सहावा शनिवार पुन्हा क्रियापदांची रूपं, झोप आली. सर्टिफिकेट नाही, रेकॉर्डिंग नाही, बॅच दर वेळी वीस मिनिटं उशिरा सुरू. वाद जिंकायला शस्त्र हवं असेल तर जाऊ नका, काकांचं काय झालं ते वर लिहिलंय. पाचपैकी साडेतीन. पुढच्या बॅचला 'हामार्तिया' घेणार म्हणाले, मी नाव दिलंय, या वेळी पुढच्या बाकावर बसणार.