मायएसक्यूएल 8 चा टाइम कॉलम, दीड वर्ष वापरून

हजेरीचं एक वेब अ‍ॅप मी एकटीच सांभाळते. पाळी कधी सुरू झाली आणि कधी संपली, एवढंच नोंदवायचं होतं, म्हणून मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये दोन टाइम कॉलम (तारखेशिवाय नुसती वेळ ठेवणारे रकाने) घेतले आणि तारीख वेगळी ठेवली. तेव्हा फार नीटनेटकं वाटलं होतं.

मग एक दिवस तक्रार आली, निम्मे लोक मध्यरात्रीच कामावर हजर दिसताहेत! क्वेरी पाहिली, सर्व्हरचं घड्याळ पाहिलं, टाइमझोनवर संशय घेऊन अख्खी दुपार घालवली. (वेळेचा घोळ म्हटलं की आधी टाइमझोनच्या मागे लागायचं, ही माझी जुनी खोड.) शेवटी टेबल उघडून कच्ची नोंद बघितली, तर 00:09:30.

फॉर्म बदलताना माझ्याच हातून कोलन गळालं होतं. 9:30 ऐवजी नुसतं 930 जात होतं. असा सलग आकडा मायएसक्यूएल उजवीकडून वाचतं. शेवटचे दोन अंक सेकंद, त्याआधीची मिनिटं. कोलन असेल तर मात्र तेच साडेनऊ. मॅन्युअलमध्ये हे सरळ लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. खरी मेख पुढे आहे. घड्याळातली कुठलीही वेळ मिनिट-सेकंद म्हणून वाचली तरी वैधच ठरते. 1745 म्हणजे सतरा मिनिटं पंचेचाळीस सेकंद, त्यात चूक काय काढणार? त्यामुळे चुकीची नोंद नाकारणारा स्ट्रिक्ट मोड चालू असूनही एकही एरर नाही.

दुरुस्ती सोपी निघाली. वेळेचे सेकंद करा, 60 ने गुणा, परत वेळ करा. 570 चे 34200 झाले की साडेनऊ. आमच्या फॉर्मवर सेकंद भरताच येत नाहीत, म्हणून ज्या नोंदीत सेकंद होते ती बिघडलेली, हे नक्की. अडलं ते 00:10:00 सारख्या नोंदींपाशी. हा माणूस दहाला आला की रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी? त्या हाताने तपासल्या.

याउलट डेटटाइम कॉलम, म्हणजे तारीख आणि वेळ एकत्र ठेवणारा, तोंडावर भांडतो. शेवटी झेड (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची खूण) लावलेली वेळ ब्राउझरकडून जशीच्या तशी पाठवली की 1292 नंबरचा एरर हातात. पहिल्यांदा वैताग येतो, पण मला हेच आवडतं.

बेरजेचं तर विचारूच नका. साडेआठ तासांच्या दोन पाळ्यांची थेट सम या फंक्शनने बेरीज केली तर 166000 येतं, म्हणजे सोळा तास साठ मिनिटं. वेळेचा नुसता आकडा करून बेरीज होते, म्हणून. सेकंदांत बेरीज करून परत वेळेत आणली, तर सगळ्या टीमचे महिन्याचे तास 838:59:59 वर अडकले. टाइमची कमाल मर्यादाच तेवढी आहे. वॉर्निंग मिळते, पण अ‍ॅपमधून वॉर्निंग कोण वाचतं? आता एकूण सेकंदांना 3600 ने भागून तास दाखवते. रात्रपाळीत 22:00 ते 06:00 चा फरक उणे सोळा तास येतो, ही आणखी एक डोकेदुखी.

टाइम कॉलमला 5 पैकी 3. पाळीसाठी आता सुरुवात आणि शेवट असे दोन डेटटाइम कॉलम आहेत. तिथेही दिवसअखेर म्हणून 23:59:59.999 पाठवू नका. सेकंदाचे अंश न ठेवणारा कॉलम ते वर ढकलून दुसऱ्या दिवसाचे 00:00:00 करून टाकतो. टाइम कॉलम एकच उरलाय, ठरलेली पाळी रोज किती वाजता सुरू होते ते सांगणारा. त्या कामाला तो चोख आहे.