जिमनीसाठी फोन माउंट: पंजा नंतर बघा, आधी बेस बघा

सध्या माझ्या फाइव्ह-डोअर जिमनीत रॅम माउंट्स या कंपनीचा टफ-क्लॉ (दांड्यावर आवळायचा शिकंजा), त्याच्यावर छोटा आर्म आणि वर मोठ्या फोनची एक्स-ग्रिप (फोन धरणारा पंजा) असा सेट आहे, आणि ऑफरोडिंगला फोन माउंट कुठला घ्यायचा असं कोणी विचारलं की मी सरळ हाच सांगतो. महाग आहे, इथे इम्पोर्ट होऊन येतो, दिसायला काही खास नाही, पण वेल्ह्याकडच्या पाणंद रस्त्यांवर, दगडगोट्यांच्या ओढ्यात लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या हळू, जोरकस गिअरमध्ये) गाडी डावी-उजवीकडे फेकली जात असताना फोन जिथे ठेवला तिथेच राहतो. मला एवढंच हवं होतं.

लोक माउंट बघताना फोन धरणारा भाग बघतात, म्हणजे पंजा किती घट्ट आहे, चुंबक किती जोरात ओढतो वगैरे. खरा प्रश्न आहे तो माउंट गाडीला कशाने धरलाय, म्हणजे बेस कसा आहे हा. पंजातून फोन सुटणं क्वचित होतं, बहुतेक वेळा अख्खा माउंटच फोनसकट खाली येतो. हायवेवर हे कळत नाही कारण तिथे हादरे बारीक असतात आणि वरखाली असतात. जिमनीला लॅडर फ्रेम आणि पुढे-मागे दोन्हीकडे रिजिड ॲक्सल, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर, एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, त्यामुळे गाडी मुख्यतः आडवी हलते आणि आतल्या माणसांची डोकी बाजूच्या काचेकडे जातात. फोनचंही तेच होतं. कव्हरसकट अडीचशे ग्रॅमचा फोन, त्याला तिप्पट धक्का बसला तर त्या क्षणाला तो पाऊण किलोसारखा ओढतो, आणि आर्म जितका लांब तितका तो ओढा बेसवर जास्त येतो. पंधरा सेंटीमीटरचा आर्म सहा सेंटीमीटरच्या अडीच पट जोर लावतो, साधं गणित आहे. म्हणून ते लांब मानेचे, हंसासारखे वाकणारे माउंट ऑफरोडला कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, फोन पडला नाही तरी स्क्रीन एवढी थरथरते की नकाशावरचा फाटा दिसतच नाही.

एसी व्हेंटला अडकवायचे माउंट पहिल्यांदा बाद. व्हेंटच्या पट्ट्या हवा वळवायला केलेल्या असतात, वजन धरायला नाही, आणि पट्टी तुटली की बऱ्याचदा ती एकटी मिळत नाही, अख्खा व्हेंट बदलावा लागतो. कपहोल्डरवाले माउंट फोन खूप खाली नेतात. डबल टेपवाले डॅशबोर्डला चिकटवतात, तिथे अडचण अशी की डॅशबोर्डचं प्लास्टिक खरखरीत असतं, टेपला चिकटायला सपाट जागाच मिळत नाही. थ्रीएमच्या व्हीएचबी टेपला पूर्ण ताकद यायला साधारण 72 तास लागतात आणि पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ, बऱ्यापैकी उबदार लागतो. आपल्याकडे लोक जुलैच्या दमट हवेत संध्याकाळी चिकटवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताम्हिणीत जातात, मग टेपला नावं ठेवतात. टेपच वापरायची असेल तर स्पिरिटने पुसा, दाबून धरा आणि तीन दिवस त्यावर काही लावू नका.

सक्शनबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त तेच विकले जातात. काचेवर चांगला सक्शन कप खरोखर घट्ट बसतो, हे मान्य. जिमनीची काच तशी उभी आणि सपाट आहे, त्यामुळे कप बसतोही छान. पण उन्हाळ्यात मुरमाच्या रस्त्यावर खिडक्या उघड्या ठेवून गेलं की तो पिठासारखा बारीक फुफाटा सगळीकडे बसतो, रबराच्या कडेवरही. कप एकदा काढून परत लावला की ती धूळ कडेखाली अडकते, तिथून हवा हळूहळू आत शिरते आणि माउंट लगेच पडत नाही, तासाभराने पडतो, नेमका तुम्ही चढावर असताना. त्यात मे महिन्यात बंद गाडीत काच तापते, रबर मऊ पडतं, आतली हवा फुगते. माझ्याकडे आधी एक सक्शनवाला होता (ब्रँडचं नाव नको), तो वरंधा घाटाच्या अलीकडे असाच सुटून थेट पेडलच्या बाजूला गेला. फोनला काही झालं नाही. पण फोन ब्रेकच्या पेडलखाली अडकला असता तर काय, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि म्हणूनच मी या विषयावर एवढं लिहितोय. उतारावर ब्रेकखाली काहीतरी अडकणं म्हणजे जिवाशी खेळ. सक्शनच वापरणार असाल तर दर वेळी निघताना कप आणि काच दोन्ही ओल्या कापडाने पुसून, कोरडं करून मगच लावा, आणि माउंटला एक बारीक दोरी बांधून ठेवा.

चुंबकाचे माउंट वापरायला मस्त वाटतात, शहरात मीही वापरतो. मॅगसेफ किंवा क्यूआय2 वाल्या, म्हणजे पाठीत चुंबक असलेल्या फोनला तर वेगळी पट्टी चिकटवायचीही गरज नाही. पण चुंबक समोरून ओढलं तर घट्ट धरतो, बाजूने सरकवलं तर सहज सरकतो, आणि ऑफरोडला जोर बाजूनेच येतो. खाली फोन टेकेल अशी कड असलेला असेल तर थोडाफार चालेल. त्यात कव्हर जाड असेल तर पकड आणखी कमी, आणि ऑफरोडवाल्यांची कव्हरं जाडच असतात.

आता बेस. जिमनीत शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर जे आडवं ग्रॅब हँडल आहे ते या कामासाठी उत्तम जागा आहे, कारण ते माणसाने पूर्ण जोर देऊन धरावं म्हणूनच बसवलेलं असतं. टफ-क्लॉ म्हणजे एक छोटा शिकंजा, खालची चावी फिरवली की जबडा आवळतो, आत रबराचे पॅड आहेत त्यामुळे ओरखडे पडत नाहीत, कुठे भोक पाडायचं नाही, वॉरंटीवाल्यांना बोलायला जागा नाही. छोट्या साइजचा टफ-क्लॉ साधारण 16 ते 38 मिलिमीटर जाडीच्या गोल दांड्यावर बसतो. कॅलिपर नसेल तर हँडलभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा, 12 सेंटीमीटरच्या आत असेल तर बसेल. चावी हाताने जेवढी आवळेल तेवढी आवळायची, पक्कड लावायची नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात सोडू नका. शेजारच्या सीटची एअरबॅग त्याच बाजूला डॅशबोर्डच्या वरच्या भागात असते, तिथे एअरबॅग असं लिहिलेलंही असतं. त्या झाकणासमोर किंवा त्याच्या वर फोन, आर्म, काहीही येता कामा नये, एअरबॅग फुटली की मधे जे असेल ते सरळ माणसाच्या तोंडावर येतं. म्हणून मी क्लॉ हँडलच्या अगदी ड्रायव्हरकडच्या टोकाला लावलाय आणि फोन मधल्या भागाकडे, खाली वळवलेला आहे. छोटा आर्म घेण्याचं हेही एक कारण. डॅशबोर्डवर कुठेही काहीही लावताना, गाडी कुठलीही असो, हे आधी बघा.

रॅमचं वैशिष्ट्य म्हणजे दोन्ही टोकांना रबर चढवलेला गोळा आणि मधे ॲल्युमिनियमचा आर्म, एकच नॉब फिरवला की दोन्ही गोळे एकदम आवळले जातात. रबर थोडं दाबलं जातं आणि तिथेच बारीक थरथर मरते. हा गोळा एक इंचाचा, म्हणजे साधारण 25 मिलिमीटर. बाजारात 17 मिलिमीटर गोळ्याचे माउंट ढिगाने मिळतात, 20 चेही असतात, आणि दुकानदार सगळंच बसेल म्हणून सांगतो. बसत नाही. एक मिलिमीटरचा फरक असला तरी खराब रस्त्यावर फोन हळूहळू मान टाकतो. सगळे भाग एकाच मापाचे घ्या. पुढेमागे गाडी बदलली तर फक्त बेस बदलायचा, वरचं सगळं तेच राहतं, त्यामुळे पैसा वाया जात नाही. ज्यांना भोक पाडून पक्का बेस लावायचाय त्यांनी एएमपीएस नावाचा चार भोकांचा पॅटर्न बघा, 30 बाय 38 मिलिमीटर, बऱ्याच कंपन्यांच्या प्लेट याच मापात येतात. थारवाल्या एका मित्राने तसंच केलंय, मागे ॲल्युमिनियमची पट्टी देऊन, आणि वर क्वाड लॉक कंपनीचं हेड लावलंय. ते फिरवून लॉक होतं आणि पकड माझ्या एक्स-ग्रिपपेक्षा भारी आहे असं मी मोकळेपणाने म्हणेन, पण त्याला त्यांचंच कव्हर लागतं, म्हणजे फोन बदलला की कव्हर परत घ्या, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन लावायचा म्हटलं तर लागत नाही. आमच्या गाडीत कधी माझा फोन, कधी बायकोचा, कधी मागे बसलेल्याचा, ज्याला रेंज आहे त्याचा लागतो.

एक्स-ग्रिपमध्ये स्प्रिंगचे चार हात फोनच्या बाजू धरतात, प्रत्येकाच्या टोकाला रबराची गोटी. फोन आत सरकवताना दोन्ही हात लागतात, एका हाताने पटकन होत नाही. पहिल्यांदा लावाल तेव्हा गोटी बरोबर व्हॉल्यूमच्या किंवा पॉवरच्या बटणावर येते आणि फोन सारखा आवाज कमी-जास्त करत बसतो, तेव्हा फोन बोटभर वर किंवा खाली सरकवा. सोबत चार कोपऱ्यांना अडकवायचं रबरी जाळं येतं, बरेच लोक ते डब्यातच ठेवतात. ओढा, खडक, चढ असं काही असेल तर ते लावाच. नीट बघितलं तर मोठ्या धक्क्याला स्प्रिंगचे हात किंचित उघडतात आणि परत मिटतात, त्या क्षणाला फोन त्या जाळ्यावर असतो.

उन्हाचं काय? ॲपल आयफोनसाठी 35 अंशांपर्यंतचं तापमान सांगतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये देशावर सावलीतच चाळीस असतं. काचेवर लावलेला फोन उन्हात स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद पडतो. हँडलवर फोन खाली असतो, थेट ऊन कमी लागतं, आणि मधल्या व्हेंटची झडप थोडी तिकडे वळवली की गार हवा मिळते. वायरलेस चार्जिंगचे माउंट उन्हाळ्यात टाळा, ते फोन आणखी तापवतात. साधी केबल बरी, फक्त काटकोनात वळलेल्या पिनची घ्या, सरळ पिन हादऱ्यांनी पोर्टला ढिला करते, आणि केबलला थोडी ढील देऊन ती हँडलला वेलक्रोने बांधा. कॅमेरा खराब होतो का, असंही बरेच जण विचारतात. ॲपलने 2021 मध्ये सांगितलं होतं की मोठ्या इंजिनाच्या बाइकच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. ते हँडलबारवर थेट लावलेल्या फोनबद्दल आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाची तेवढी कंपनं येत नाहीत, माझा कॅमेरा ठीक आहे.

गाडीला नऊ इंची स्क्रीन आहे, अँड्रॉइड ऑटो आहे, मग फोन कशाला, तर त्यावर ठराविक ॲपच चालतात, आणि ट्रेलवर आम्हाला जीपीएक्स ट्रॅक (वाटेची फाइल), उंचीच्या रेषांचा ऑफलाइन नकाशा बोटांनी मोठा-छोटा करून बघायचा असतो. ते काम शेजारच्याचं. ड्रायव्हरने बॉनेटसमोरची जमीन बघायची. फोन हातात धरून चालवणं 2019 च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच येतं, ऑक्टोबर 2020 पासून फक्त रस्ता बघण्यापुरता वापर चालतो आणि तोही लक्ष विचलित न होता.

बजेट कमी असेल तर बाइकचे हँडलबारवाले मेटल माउंट बघा, ॲलन कीने आवळायचे, चार बाजूंनी पंजा असलेले. क्लॅम्प साधारण 22 मिलिमीटरच्या दांड्यासाठी असतो, जाड हँडलला मोठा क्लॅम्प किंवा वेगळा बार लागेल, घेण्याआधी माप विचारा. फोन काढायला-लावायला त्रास, पण धरून ठेवतात. जिमनी जपान-ऑस्ट्रेलियात 2018-19 पासून असल्यामुळे तिकडे हँडलवर बसणारे खास बारही मिळतात, कुणी तिकडून येत असेल तर सांगून ठेवा.

रॅमचे तिन्ही भाग मिळून मला पाच हजारांच्या वर गेले. ऑनलाइन हुबेहूब दिसणारे स्वस्त मिळतात, त्यात आर्म प्लास्टिकचा आणि गोळ्यावर रबर नुसतं नावाला, नॉब आवळला की आटे जातात. सगळं एकदम जमत नसेल तर आधी चांगला बेस आणि आर्म घ्या, वरचा पंजा साधा चालेल, फक्त त्याच्या मागचा गोळा एक इंचाचा हवा. आणि डॅशबोर्ड पॉलिशने पुसताना गोळ्यावर अजिबात जाऊ देऊ नका, त्या तेलकट थराने रबर सटकतं. लागलंच तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून परत आवळा.