मालवणच्या पाण्यात इनॉन एस-२००० : एका हंगामानंतरचा अनुभव

इनॉन एस-२००० हा पाण्याखाली वापरायचा छोटा फ्लॅश, म्हणजे स्ट्रोब. हे कोणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. ज्यांच्याकडे ऑलिम्पस टीजी-६ सारखा छोटा कॅमेरा आणि त्याचं पीटी-०५९ हाऊसिंग, म्हणजे पाणी न शिरणारं कवच, आहे, ज्यांचं डायव्हिंग मुख्यतः मालवण-तारकर्लीला, जमलं तर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला आणि पैसे साठले की अंदमानला होतं, आणि ज्यांचे फोटो घरी येऊन बघितले की सगळे हिरवेगार दिसतात, त्यांच्यासाठी. दोन मोठे स्ट्रोब आणि डोम पोर्ट (लेन्ससमोरची घुमटाकार काच) घेऊन फिरणाऱ्यांना यात नवीन काही सापडणार नाही.

हिरव्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. पाणी लाल रंग आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच लाल मासा तपकिरी दिसायला लागतो, आणि आपल्या किनाऱ्यावर प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) इतकं असतं की उरलेला उजेडही हिरवट होतो. व्हाइट बॅलन्स बदलून थोडी सुधारणा होते, पण जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही तो आणणार कुठून? उजेड आपणच न्यायला हवा.

मग पहिला प्रश्न येतो तो व्हिडिओ लाइट की स्ट्रोब. मी आधी लाइट वापरून बघितला. व्हिडिओसाठी उत्तम, कुठे काय उजळतंय ते समोर दिसतं. पण फोटोसाठी तो कमी पडतो. स्ट्रोबचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, त्यामुळे लाटेने हलणारे आपण आणि हलणारा मासा दोन्ही गोठतात. लाइटवर शटर मंदच राहतं. शिवाय डोळ्यावर सतत प्रकाश मारल्यावर खेकडा काय थांबणार आहे?

स्ट्रोब घ्यायचं ठरलं की सगळे गाइड नंबरबद्दल, म्हणजे ताकद सांगणाऱ्या आकड्याबद्दल, बोलायला लागतात. एस-२००० चा २०, त्याच कंपनीच्या झेड-३३० चा ३३. आकडा मोठा म्हणजे स्ट्रोब चांगला, असा सरळ हिशोब लावला जातो. हा आकडा हवेतला असतो, आयएसओ १०० ला. २० ला लेन्सच्या छिद्राच्या आकड्याने, समजा एफ/८ ने, भागलं की उजेड पुरेल ते अंतर येतं, अडीच मीटर. पाण्यात त्यातलं बरंच कमी होतं, कारण प्रकाशाला जातानाही पाणी कापायचं आणि येतानाही. पण आपल्याकडे मुद्दा वेगळाच आहे. मालवणला बऱ्याच दिवशी तीन-चार मीटरपलीकडे काही दिसत नाही. अशा पाण्यात एक मीटरपेक्षा लांबच्या गोष्टीचा फोटो काढण्यात अर्थ नाही, स्ट्रोब कितीही ताकदीचा असो. उलट ताकद वाढवली की मधला कचरा जास्त उजळतो. आंबोलीच्या धुक्यात हाय बीम लावल्यावर जे होतं तेच.

म्हणून माझं मत असं झालंय की गढूळ पाण्यासाठी स्ट्रोब निवडताना ताकदीच्या आधी आकार बघावा. हवा तिथे, हव्या कोनात नेता येतो का, एवढंच विचारावं. एस-२००० मुठीत मावतो, चार डबल-ए सेलवर चालतो. टीजी-६ चा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एक सेंटीमीटरवरचंही फोकस करतो. न्यूडिब्रांकच्या (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायीच्या) इतक्या जवळ हाऊसिंग नेलं की पोर्टचीच, म्हणजे लेन्ससमोरच्या भागाचीच, सावली त्याच्यावर पडते, आणि उजेड आत शिरवायला बोटभर फट उरते. त्या फटीत हा स्ट्रोब जातो. नेत्राणीला माझ्या बडीचा, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराचा, मोठा स्ट्रोब खडकाला अडत होता आणि तो बिचारा कोन शोधण्यातच हवा संपवत होता.

कॅमेऱ्याला जोडणी फायबर ऑप्टिक केबलने. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला की केबलमधून तो उजेड स्ट्रोबच्या सेन्सरपर्यंत जातो आणि स्ट्रोब उडतो. विजेची तार नसल्यामुळे पाणी शिरायला एक जागा कमी. मात्र कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश बाहेर सांडला तर लेन्सच्या अगदी शेजारून कण उजळतात आणि फोटोत बर्फ पडतो. हाऊसिंगच्या डिफ्यूझरवर (फ्लॅशसमोरच्या, उजेड पसरवणाऱ्या पट्टीवर) बाहेरून काळी टेप लावा, केबलचं भोक तेवढं मोकळं ठेवा. केबलवर पैसे वाचवू नयेत. मी घेतलेली पहिली स्वस्त केबल दोन-चारदा जोरात वाकल्यावर दगा देऊ लागली, तीनदा बटण दाबावं तेव्हा एकदा स्ट्रोब उडायचा. जाड, अनेक तंतूंची केबल घेतल्यापासून ही तक्रार नाही.

ऑटोवर, म्हणजे उजेड किती ते कॅमेराच ठरवतो त्या टीटीएलवर, मॅक्रो (अगदी जवळून काढलेले फोटो) ठीक येतं. पण चंदेरी मासा किंवा मागे काळोख असला की मासा पांढराफटक होतो. मी मॅन्युअलवरच असतो: अंतर ठरवायचं, एक फोटो काढायचा, जास्त वाटला तर स्ट्रोब वीतभर मागे. यात एकच काळजी, कॅमेरा मुख्य फ्लॅशच्या आधी एक प्री-फ्लॅश मारतो. स्ट्रोबला तो सोडून द्यायला सांगावं लागतं, नाहीतर तो आधीच उडून जातो आणि फोटो काळा. हे घरी, बादलीत नव्हे, टेबलावरच तपासून घ्या.

आर्मवर, म्हणजे स्ट्रोब हाऊसिंगला जोडणाऱ्या दांड्यांवर, खर्च करा. स्ट्रोबइतकाच करा म्हटलं तरी चालेल. थोड्या दूरच्या विषयाला स्ट्रोब बाजूला लांब नेऊन किंचित बाहेर वळवायचा, म्हणजे उजेडाच्या झोताची फक्त आतली कडा विषयावर पडते आणि लेन्ससमोरचं पाणी अंधारात राहतं. हे समजायला मला हंगामाचा बराच भाग गेला. आठ आणि पाच इंचांचे दोन तुकडे, एक इंची बॉलचे क्लॅम्प, आणि एक आर्म तरंगणारा. तो नसेल तर सगळं ओझं एका बाजूला झुकतं आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं. पाण्याला ओढ असली की लांब आर्म त्रास देतात, तेव्हा दुमडून ठेवायचे.

याला काय जमत नाही? वाइड, म्हणजे मोठं दृश्य एका फोटोत घेणं. एकट्या स्ट्रोबने मोठा प्रवाळाचा खडक उजळत नाही, एक बाजू कायम काळी. अंदमानच्या निळ्या, स्वच्छ पाण्यात ही उणीव जास्त जाणवली. तिथे लोक दोन स्ट्रोब का लावतात ते कळलं. फोकस लाइटही याला नाही, त्यामुळे खडकाखाली बघायला वेगळा छोटा टॉर्च लागतो. तुमचं निम्मं डायव्हिंग अंदमानातल्या हॅवलॉकला होत असेल तर झेड-३३० च्या वर्गातलं काहीतरी बघा, पैसे जास्त जातील पण रडणार नाही.

सेल रिचार्जेबलच, निकेल मेटल हायड्राइड. मी पांढरे एनेलूप वापरतो. साधे अल्कलाइन घातले की प्रत्येक फ्लॅशनंतर वाट बघत बसावं लागतं आणि मासा तोपर्यंत रत्नागिरी गाठतो. चार सेलचा संच एकत्रच ठेवा, त्यावर खूण करा, जुना-नवा मिसळू नका. एक सेल आधी दमला की बाकीचे त्याला उलटा चार्ज करतात. टीजी-६ ची बॅटरी मात्र स्ट्रोबमुळे जास्त जाते, कारण त्याचा फ्लॅशही दर वेळी उडतोच. दुसऱ्या डाइव्हआधी ती बदलतो.

मालवणच्या बोटींवर कॅमेरा बुडवायला गोड्या पाण्याचा टब नसतो. झाकणाची छोटी बालदी आणि पाण्याचा कॅन आपलाच न्यावा. दोन डाइव्हच्या मध्ये बोटीवर स्ट्रोब उघडायचा नाही, सेल संपले तर संपले. ओल्या केसांतून पडणारा एक थेंब आणि ओ-रिंगवरचा (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवरचा) एक वाळूचा कण एवढं स्ट्रोब बिघडायला पुरतं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस चमकण्यापुरतंच, थापायचं नाही.

माझा सेकंडहँड आहे. आता पुढचा एस-२२० मिळतो, नवीनच घ्यायचा तर तो बघावा. जुना घेताना सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरा थर आहे का, ते नखाने खरवडून बघा, आणि विकणाऱ्यासमोर पूर्ण ताकदीवर सलग दहा-बारा फ्लॅश उडवा. वेळ वाढत गेला तर किंमत पाडा किंवा सोडून द्या. पावसाळ्यात सेल काढून, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवायचा, पण महिन्यातून एकदा सेल घालून पाच-सहा वेळा उडवायचा. आतला कपॅसिटर चार महिने रिकामा पडून राहणं त्याला मानवत नाही.