प्रकाशाचा स्वभाव घरच्या भिंतीवर: बारावीसाठी घेतलेल्या एका प्रयोगसंचाचे परीक्षण

दिवाळीच्या सुट्टीत मी सोलापूरच्या नवी पेठेतील शालेय विज्ञान-साहित्याच्या एका दुकानातून 1,850 रुपयांना प्रकाशाच्या प्रयोगांचा एक संच घेतला. माझी भाची यंदा बारावी विज्ञान शाखेत आहे. तरंग-प्रकाशिकी आणि प्रारण व द्रव्य यांचे द्वैती स्वरूप (तरंगही आणि कणही) ही दोन्ही प्रकरणे तिने सूत्रांसकट पाठ केली होती, पण व्यतिकरणाचे, म्हणजे दोन तरंग एकत्र आल्यावर उमटणारे उजेड-काळोखाचे पट्टे प्रत्यक्ष पाहिलेस का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "मामा, आकृतीत पाहिलेत." कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे हाच विषय शिकवल्यामुळे त्या उत्तराचे मला वाईट वाटले आणि दुसऱ्याच दिवशी मी दुकान गाठले. त्यानंतर जवळजवळ महिनाभर आम्ही दोघांनी हा संच वापरला. त्याचा तरंगांविषयीचा भाग पैशाचे पुरेपूर मोल देतो. फोटॉनविषयीचा, म्हणजे प्रकाशाच्या कणांविषयीचा भाग मात्र जाणत्या माणसाला सोबत घेऊनच हाताळावा, असे माझे मत झाले आहे.

खोक्यात लाल (650 नॅनोमीटर) आणि हिरवा (532 नॅनोमीटर) असे दोन छोटे लेसर, एक फट व दोन फटी कोरलेली काचपट्टी, मिलिमीटरला 500 रेषा असलेली ग्रेटिंग (समान अंतरावर बारीक रेषा असलेली पारदर्शक पट्टी), पोलरॉइडचे (एकाच दिशेतील कंपनांचा प्रकाश जाऊ देणाऱ्या पडद्याचे) दोन तुकडे, चार रंगांचे एलईडी, व्होल्टेज कमी-जास्त करण्याची कळ, लाकडी स्टँड आणि मराठी-इंग्रजी पुस्तिका एवढे साहित्य आहे. मल्टिमीटर स्वतःचा घ्यावा लागतो. स्टँड भक्कम आहे आणि ही गोष्ट किरकोळ नाही, कारण लेसर केसभर हलला तरी तीन मीटरवरचे पट्टे भिंतीवरून सरकतात.

पहिला प्रयोग अर्थातच दोन फटींचा केला. हायगेन्सने 1690 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रकाशाला तरंग मानले होते, न्यूटनने 1704 च्या आपल्या ग्रंथात कणांकडे कल दाखवला होता, आणि न्यूटनच्या नावाचा दबदबा एवढा होता की पुढची शंभर वर्षे तरंगांची बाजू मागेच राहिली. थॉमस यंगने 1803 साली सूर्यप्रकाशाच्या बारीक झोतात सुमारे एक-तिसांश इंच जाडीचा कागदी पुठ्ठा कडेवर उभा धरला, तेव्हा त्याच्या सावलीत रंगीत पट्टे दिसले. एका बाजूचा प्रकाश अडवताच ते नाहीसे झाले. या संचात हेच करून पाहता येते. भिंतीवर पट्टे उमटले की पोस्टकार्डाची कड सावकाश सरकवत एक फट झाकायची. फट झाकल्याबरोबर बारीक पट्टे पुसले जातात आणि जेथे आधी काळोख होता तेथे उजेड येतो. एक वाट बंद केल्यावर काळोखाच्या जागी उजेड कसा आला, या प्रश्नावर भाची बराच वेळ गप्प बसली होती. दोन फटींतून आलेले तरंग तेथे एकमेकांना नाहीसे करत होते, हे नंतर तिने स्वतःच सांगितले.

मापनाच्या वेळी मात्र अडचण आली. काचपट्टीवर दोन फटींमधील अंतर 0.25 मिलिमीटर छापलेले होते. भिंत तीन मीटरवर असल्यामुळे सूत्राप्रमाणे (तरंगलांबी गुणिले भिंतीचे अंतर, भागिले फटींमधील अंतर) लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतर 7.8 मिलिमीटर, म्हणजे अशा दहा अंतरांची बेरीज 78 मिलिमीटर यायला हवी होती. आम्हाला वारंवार 65 मिलिमीटरच मिळाले. भाचीला आपलीच चूक वाटत होती आणि वहीत 78 लिहून मोकळे व्हावे असा तिचा विचार होता. प्रयोगशाळेत अशी कितीतरी उत्तरे मी पाहिलेली आहेत. मी तिला थांबवले. चूक लेसरच्या तरंगलांबीत असेल किंवा फटींच्या अंतरात, म्हणून आधी लेसर तपासला. ग्रेटिंगपासून एक मीटरवर पहिल्या क्रमाचा ठिपका मध्यापासून 34.5 सेंटिमीटरवर पडला, त्यावरून तरंगलांबी 652 नॅनोमीटर निघाली. म्हणजे लेसर बरोबर होता. मग फटींमधील अंतर 0.30 मिलिमीटर असले पाहिजे. एका जुन्या सहकाऱ्याच्या मदतीने ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली (अंतर मोजण्याच्या सरकत्या सूक्ष्मदर्शकाखाली) पट्टी पाहिली, तेव्हा 0.30 च दिसले. छापील आकडा चुकीचा होता आणि भिंतीवरच्या पट्ट्यांनी तो पकडून दिला होता. निर्मात्याचा हा दोष गंभीर आहे, कारण एकट्याने प्रयोग करणारा विद्यार्थी अशा वेळी स्वतःच्या मापनावरचा विश्वास गमावतो.

त्यानंतरचा प्रयोग पुस्तिकेत नाही, पण सोलापुरातल्या प्रत्येक घराने तो करावा असे मला मनापासून वाटते. ग्रेटिंगची कल्पनाच मुळात कापडातून आलेली आहे. 1780 च्या दशकात अमेरिकेत फ्रान्सिस हॉपकिन्सनने रेशमी रुमालातून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिले, तेव्हा त्याला जाड समांतर रेषांची जाळी दिसली; त्याने डेव्हिड रिटनहाउसला कारण विचारले, आणि रिटनहाउसने बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंवर केस ताणून पहिली ग्रेटिंग तयार केली. माझ्या बहिणीचे घर पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात आहे आणि दाजींची सारी हयात टॉवेलच्या कारखान्यात गेलेली आहे. टॉवेल या कामाला चालत नाही, कारण त्याच्या फुलोऱ्यातून प्रकाश नीट जात नाही. म्हणून पातळ सुती उपरण्याचा तुकडा ताणून लेसरसमोर धरला. भिंतीवर ठिपक्यांची अधिक-चिन्हासारखी नक्षी उमटली. आडव्या रांगेत तीन मीटरवर दहा अंतरांची बेरीज 62 मिलिमीटर भरली, त्यावरून उभ्या धाग्यांमधील अंतर 0.31 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंचाला सुमारे 81 धागे निघाले. दाजींनी धागे मोजायचे भिंग कापडावर ठेवले आणि 80 सांगितले. उभ्या रांगेतले ठिपके मात्र अधिक जवळजवळ होते, आणि ते पाहूनच दाजी म्हणाले, "आडवा धागा जास्त असणार." प्रत्यक्षात तो विरळ होता. धागे जितके दाट, तितके ठिपके एकमेकांपासून लांब जातात. विवर्तनातील, म्हणजे बारीक फटींतून जाताना प्रकाश पसरण्यातील हा व्यस्त संबंध भाचीने त्या संध्याकाळी आपल्या वडिलांना समजावून सांगितला.

पोलरॉइडचे तुकडे उत्तम प्रतीचे आहेत. एकमेकांवर काटकोनात ठेवल्यावर ते जवळजवळ पूर्ण काळोख करतात. सूर्य मावळताना गच्चीवर जाऊन एकाच तुकड्यातून डोक्यावरच्या आकाशाकडे पाहिले आणि तुकडा फिरवला, तर निळा रंग गडद-फिका होताना स्पष्ट दिसतो. तरंग आडवे, म्हणजे प्रवासाच्या दिशेला काटकोनात कंप पावणारे असल्याचा याहून सोपा पुरावा माझ्या माहितीत नाही. मात्र तुकडे तीन द्यायला हवे होते. काटकोनातल्या दोघांच्या मध्ये तिसरा 45 अंशांत सरकवला की अडलेला प्रकाश परत येतो, पहिल्या तुकड्यातून बाहेर पडलेल्याच्या जास्तीत जास्त एक-चतुर्थांश; तो तुकडा आम्ही वेगळा विकत घेतला.

एलईडीच्या, म्हणजेच फोटॉनविषयीच्या भागाबद्दल माझी खरी तक्रार आहे. पुस्तिकेत या प्रयोगाला 'प्रकाशविद्युत परिणाम' असे शीर्षक दिले आहे, आणि ते चूक आहे. हर्ट्झला 1887 साली आढळलेल्या आणि आइन्स्टाइनने 1905 साली उलगडलेल्या त्या परिणामात प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. येथे उलटी क्रिया आहे: इलेक्ट्रॉनची ऊर्जा फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. शीर्षक सोडले तर प्रयोग चांगला आहे. लाल एलईडी (630 नॅनोमीटर) 1.68 व्होल्टला आणि निळा (470 नॅनोमीटर) 2.39 व्होल्टला उजळू लागला. या फरकावरून प्लांकचा स्थिरांक (फोटॉनची ऊर्जा भागिले वारंवारता) 7.0 × 10⁻³⁴ ज्यूल-सेकंद आला. प्रमाणित मूल्य 6.63 × 10⁻³⁴ आहे, आणि उजळण्याचा क्षण डोळ्यांनी ठरवलेला असताना सहा टक्क्यांच्या आत पोहोचणे समाधानकारक आहे.

उंबरठ्याच्या वारंवारतेची (जिच्याखालचा प्रकाश कितीही प्रखर असला तरी परिणाम घडवत नाही) कल्पना हवी असेल, तर पुस्तिकेबाहेर जाऊन हेच एलईडी उलटे वापरावेत. पारदर्शक आवरणाचा लाल एलईडी मल्टिमीटरला जोडून त्यावर हिरवा लेसर पाडला, तर व्होल्टेज निर्माण होते. निळ्या एलईडीवर लाल लेसर कितीही जवळून धरला, तरी आकडा जागचा जवळजवळ हलत नाही. प्रकाश किती प्रखर आहे यापेक्षा एकेका फोटॉनची ऊर्जा पुरेशी आहे का, याला येथे महत्त्व आहे. केवळ तरंगाच्या कल्पनेने ही गोष्ट समजावता येत नाही, आणि दोन फटींचे पट्टे केवळ कणांनी समजावता येत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर, त्याच लेसरने पाहिल्यानंतर द्वैती स्वरूप हा शब्द भाचीच्या तोंडी वेगळा ऐकू येऊ लागला.

सुरक्षिततेबाबत निर्मात्याने हयगय केली आहे. लेसरवर धोक्याचा वर्ग किंवा मिलिवॉटमधील शक्ती काहीच छापलेले नाही, आणि स्वस्त हिरव्या लेसरमधून न दिसणारा अवरक्त प्रकाशही निसटू शकतो, ज्याने पापणी मिटत नाही. लहान भावंडे घरात असतील तर बॅटरी काढून ठेवावी आणि झोत नेहमी डोळ्यांच्या पातळीखाली राखावा.

काचपट्टी घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हा मालकांनी आमची वही नीट पाहिली आणि कोणतीही हुज्जत न घालता दुसरी पट्टी दिली. तिच्यावरही 0.25 छापलेले आहे. त्याच भिंतीवर, तीन मीटरवरून, दहा अंतरांची बेरीज या वेळी 77 मिलिमीटर भरली.